सशाला औषध देण्याआधी

सावदा,
श्रावणाच्या तोंडावर

प्रिय प्रकाश,

फोनवर निम्मं तू बोललास आणि निम्मं पावसाने खाल्लं, म्हणून सविस्तर लिहितो. चिऊच्या धाकट्या सशाला ढाळ लागलेत आणि तुला औषधाचं नाव हवंय, एवढं समजलं. भो, औषधाचं नाव सगळ्यात शेवटी. आजाराचं कारण सापडायच्या आत दिलेल्या औषधानेही ससा जाऊ शकतो.

घरात पोरांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलीनचं पातळ औषध असेल, तर त्याला हात लावू नकोस. सशाचं पचन आतड्यातल्या जिवाणूंच्या भरवशावर चालतं. पेनिसिलीनच्या जातीची औषधं किंवा क्लिंडामायसीन तोंडावाटे गेलं, की कामाचे जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषाने धडधाकट ससा बघता बघता जातो. आपल्या जुलाबावरची गोळीही नको. सशाचं आतडं हलायचं थांबलं तर तेही तितकंच जिवावरचं.

आता नीट बघ, हे जुलाब आहेत तरी का? ससा दोन तऱ्हेची विष्ठा टाकतो. एक कोरड्या गोल लेंड्या. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखी चिकटलेली. ही दुसरी बहुधा रात्री किंवा पहाटे येते आणि ससा ती थेट तोंडाने उचलून खातो. किळस करू नकोस, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. ती खायची राहिली आणि शेपटीखाली लगदा झाला, की लोकांना जुलाब वाटतात. गोल लेंड्याही पडत असतील, ससा उड्या मारत असेल, तर खाण्यात गोडधोड जास्त झालंय असं समज. ससा लठ्ठ असेल, नाहीतर सांधे धरले असतील, तरी त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. पण गोल लेंड्या बंद, नुसतं पाणी आणि ससा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, तर हे पत्र खाली ठेव आणि दवाखाना गाठ.

खाण्याचं म्हणशील, तर वहिनी केळं देत असतील, बरोबर? आपल्या रावेर-यावलकडे दारातल्या कोंबडीलाही केळं मिळतं, तिथे ससा कसा सुटेल! पण साखर आणि पिठूळ पदार्थ पोटात जाऊन कुजतात. बिस्किटं, पोळी, भिजवलेले हरभरे, सगळं तसंच. चित्रातला ससा गाजर खातो ते चित्रातच ठीक. सशाच्या पोटात मुख्यतः वाळलेलं गवत जायला हवं. मारवेल मिळालं तर उत्तम, फक्त बुरशीचा वास घेऊन बघ. पावसाचा लुसलुशीत चारा अचानक भरपूर घातला तरी पोट बिघडतं. आणि जुलाब झाले म्हणून लंघन? ते आपल्याला. ससा अर्धा दिवस न खाता राहिला तरी गंभीर समज. फळं, दाणे, खुराक बंद कर, गवत आणि पाणी सतत पुढे असू दे.

तुझा मात्र पिल्लू आहे, म्हणून माझा संशय दुसरीकडे जातो. बाजारात महिन्याभराची पिलं आईपासून तोडून विकतात, त्यांचं आतडं तोवर तयार झालेलं नसतं. त्याच वयात कॉक्सिडिया गाठतो. हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी, विष्ठेतून पसरणारा. आमच्या पिलाला झालं तेव्हा तालुक्याचे डॉक्टर सरळ म्हणाले, ‘माझा हात गाई-म्हशींवर बसलेला, सशांवर नाही.’ तरी त्यांनी लेंडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि अंडी दिसली. मला तो माणूस त्या एका वाक्यासाठी आवडला. मग पिलाचं वजन करून सल्फाचं औषध ठरवलं. टोल्ट्राझुरिलही देतात, पण मात्रा डॉक्टरनेच सांगायची. पिल्लू सुकलं असेल तर कातडीखाली सलाईन देतात, घरी तोंडात पाणी ओतून ठसका लावू नकोस.

तपासणीला ताजी विष्ठा स्वच्छ डबीत ने, दोन्ही सशांची वेगवेगळी. मोठा ठणठणीत दिसला तरी तोही हा परजीवी बाळगून असू शकतो. तोवर दोघांना वेगळं ठेव. पिंजरा रोज साफ कर, कारण ती अंडी बाहेर ओलाव्यात पडून राहिली तरच पुढे लागण्याजोगी होतात. फिनेलला ती दाद देत नाहीत. उकळतं पाणी ओत आणि ऊन पडलं की पिंजरा वाळव. धाकट्याचं अंग गार लागलं तर फडक्यात गुंडाळून ऊब दे. शेपटीखालची घाण पुसून कोरडी ठेव, या दिवसांत माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या कातडीत शिरतात.

डॉक्टरांना खाण्याची यादी खरी सांग, केळ्यासकट. तपासणीत काय निघालं ते कळव. आणि चिऊला सांग, काकाने मारवेलचा भारा बांधून ठेवलाय, धुळ्याच्या गाडीला कुणी ओळखीचं भेटलं की पाठवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप