परवानगीपत्रावर आवाजाचा आकडा लिहा

मा. पालकमंत्री, रत्नागिरी जिल्हा, यांस
सविनय नमस्कार.

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते, हे आता लहानशा मंडळालाही ठाऊक आहे. मात्र मी पाहिलेल्या परवानगीपत्रांवर ठिकाण, तारीख, वेळ आणि ‘आवाजाची मर्यादा पाळावी’ एवढेच असते. मर्यादा किती, आणि ती कुठे उभे राहून मोजायची, हे लिहिलेले नसते.

नियमात मात्र हे स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या सीमेवरचा आवाज त्या परिसराच्या मानकाहून १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. निवासी भागाचे दिवसाचे मानक ५५ असल्यामुळे वस्तीलगतच्या मैदानाच्या कडेला ६५ हीच कमाल मर्यादा ठरते. ७५ पर्यंत चालते, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट.

आकडा नसल्याचा फटका गरिबालाच बसतो. नमन या कोकणातल्या लोककलेच्या मंडळाचा मृदंग, टाळ आणि गवळणीसाठी वर टांगलेले दोन माईक, आणि ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, या दोहोंना एकाच मजकुराची परवानगी मिळते. पण तक्रार आली की आधी माईक बंद होतो तो नमनाचा, कारण तो बंद करणे सोपे असते. रात्री दहानंतरची बंदी या मंडळींना जड जाते, हे मी जवळून पाहतो, तरीही तिच्यात किंवा वर्षातल्या १५ दिवसांच्या सवलतीत मी बदल मागत नाही. तो जिल्ह्याच्या हातातला विषयही नाही.

हातात आहे ते एवढे: परवानगीवर त्या जागेचा आकडा आणि मोजण्याचे ठिकाण छापावे, मोठ्या यंत्रणेची चाचणी कार्यक्रमाआधी आयोजक व ऑपरेटर या दोघांसमोर सर्वांत जवळच्या घराच्या बाजूने मोजावी, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रांचा नकाशा अर्जाच्या खिडकीशी लावावा. मांडवीसारख्या किनाऱ्यावर तर पाण्यावरून जाणाऱ्या आवाजाला अडवणारे काहीच नसते. तिथे खाडीपलीकडेही एकदा मोजून पाहावे.

गणेशोत्सवाचे अर्ज येऊ लागण्यापूर्वी परवानगीपत्राचा मजकूर बदलण्याचे निर्देश आपण द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
रत्नागिरीतील एक रहिवासी