चिऊच्या घागरीचे १३ गुण

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही फार चिडला होतात. "पोरीच्या गणितात एक चूक नाही, मग २० पैकी १३ कशाबद्दल?" आणि दादाने शाळेत जाऊन जाब विचारावा, असंही म्हणालात. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि हा विषय ओरडून सांगण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. चिऊने तिचा गणिताचा सगळा निबंध मला पाठवला होता, मी तो नीट वाचला. मी माझ्या शाळेत हेच काम करते, दरवर्षी मुलांचे असले निबंध तपासते. त्या अनुभवावरून सांगते, तिच्या सरांनी दिलेले गुण मला योग्य वाटतात. ती हुशार आहे यात शंका नाही. पण तिला गुण कशाचे मिळाले आणि कशाचे गेले, ते तुम्हाला कळलं तर तुमचा राग जाईल असं वाटतं.

आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या दोन वर्षांच्या डिप्लोमात गणिताच्या १०० टक्क्यांपैकी ८० टक्के लेखी पेपरांचे असतात आणि २० टक्के या निबंधाचे. त्याला एक्स्प्लोरेशन म्हणतात. मुलाने स्वतः विषय निवडायचा, त्यातलं गणित स्वतः शोधायचं आणि साधारण १२ ते २० पानांत लिहून काढायचं. प्रत्येकाचं काम वेगळं, गटाने करायची सोय नाही. शिक्षकाने एकदाच कच्चा खर्डा वाचून सूचना करायच्या; त्यानंतर मुलगा जे देईल ते अंतिम. गुण २०, आणि ते पाच निकषांत वाटलेले: मांडणीला ४, गणिती लेखनाला ४, स्वतःच्या सहभागाला ३, चिंतनाला ३ आणि प्रत्यक्ष गणिताच्या वापराला ६.

इथे तुम्ही थबकणार, मला ठाऊक आहे. गणिताच्या प्रकल्पात गणिताला ६ आणि बाकीच्याला १४! सुरुवातीला मलाही हे पचलं नव्हतं. पण उत्तर बरोबर येतं का, पायऱ्या चोख आहेत का, वेळेत सुटतं का, हे ८० टक्क्यांत तपासून होतंच. या २० टक्क्यांत पाहायचं असतं ते वेगळं. कोणी प्रश्न घालून दिलेला नसताना हा मुलगा प्रश्न कसा उभा करतो, कुठली गृहीतं धरतो आणि उत्तर आल्यावर त्यावर किती विश्वास ठेवतो. पेपरात याला जागाच नसते.

तपासण्याची रीतही तुमच्यापेक्षा निराळी. तुम्ही दहावीचे गठ्ठे तपासायचात तेव्हा पायरीला गुण ठरलेले असायचे, एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण गेला. इथे अर्धा गुण नाहीच, पूर्ण आकडेच द्यायचे, आणि चुका मोजून वजा करायचं नाही. प्रत्येक निकषाच्या प्रत्येक पातळीचं वर्णन लिहिलेलं असतं. सगळा निबंध वाचायचा आणि कुठलं वर्णन त्याला सगळ्यात जास्त लागू पडतं ते ठरवायचं. एखादं चिन्ह चुकलं म्हणून गुण जाईलच असं नाही, आणि सगळं बरोबर आहे म्हणून पूर्ण गुण मिळतील असंही नाही.

आता चिऊच्या निबंधाकडे वळते. दिवाळीत आली तेव्हा तिने आपली तांब्याची घागर मांडून फोटो काढले होते, ते आठवत असेल. तो फोटो तिने जिओजिब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, कडेवर बिंदू टाकले, त्यातून वक्र काढले, ते वक्र अक्षाभोवती फिरवून संकलनाने (इंटिग्रेशनने) घनफळ काढलं. उत्तर आलं ११.४ लिटर. मग मापाने पाणी ओतून पाहिलं, तर घागरीत मावलं १०.५ लिटर. संकलन बिनचूक आहे, मी स्वतः करून पाहिलं. हायर लेव्हलच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, अभ्यासक्रमातलंच गणित आहे, त्यामुळे पातळीचाही प्रश्न नाही.

मांडणीत तिला ४ पैकी ३. निबंध नीट वाचता येतो, पण २४ पानांचा झालाय. सारख्याच रीतीने सोडवलेली संकलनं तिने एकामागून एक पूर्ण लिहिली आणि बिंदूंच्या तक्त्यांनी पानं भरली. एक सोडवून दाखवलं असतं आणि बाकीची उत्तरं दिली असती तरी चाललं असतं. गणिती लेखनातही ३. गुणाकाराला फुली लिहायच्या जागी काही ठिकाणी संगणकातली चांदणी राहिली आहे, आणि जिथे उत्तर अंदाजे आहे तिथे बरोबरचं चिन्ह आहे. हे वाचून तुम्हीसुद्धा लाल शाई उचलली असती.

गणिताच्या वापरात ६ पैकी ४, आणि तुम्ही चिडलात ते मुख्यतः यावरच. घागरीच्या पोटासाठी तिने सहाव्या घाताची बहुपदी घेतली. का? तर सॉफ्टवेअरने ती दिली आणि आर-स्क्वेअर (वक्र बिंदूंशी किती जुळतो याचा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळला) ०.९९८ आला म्हणून. सहावाच घात का, चौथा का नको, गळ्याशी जिथे एक वक्र संपून दुसरा सुरू होतो तिथे ते गुळगुळीत जुळतात का, यावर एक ओळ नाही. हायर लेव्हलला पूर्ण ६ गुणांसाठी गणित नुसतं बरोबर असून भागत नाही, ते अचूक हवं, त्यात खोली हवी आणि काटेकोरपणाही. शिवाय मुलाला ते समजलंय हे कागदावर दिसावं लागतं. यंत्राने दिलेलं समीकरण उतरवून पुढचं संकलन कितीही चोख केलं तरी मधली समज दिसत नाही. तिला ती आहे, मी विचारल्यावर तिने घडाघडा सांगितलं. पण सरांना कागदावर जे आहे त्यालाच गुण द्यावे लागतात.

चिंतनात मात्र ३ पैकी १, आणि इथे मला खरंच हळहळ वाटली. तिने लिहिलंय: "८.६ टक्के फरक आला, म्हणून हे प्रारूप पुरेसं अचूक आहे." बस्स, संपलं! बाबा, तुम्ही असता तर तिला तिथेच थांबवून विचारलं असतं, फरक जास्तीच्याच बाजूला का आला? कमी का नाही?

मी कागद घेऊन बसले. फोटोत दिसते ती घागरीची बाहेरची कड, पाणी मावतं ते आत. एवढ्या घागरीचं पृष्ठफळ साधारण पाव चौरस मीटर भरतं. पत्रा एक मिलिमीटर धरला तर पाव लिटर नुसतं तांबंच. मग तिला विचारलं, मापाची पट्टी कुठे उभी केली होतीस? म्हणाली, घागरीला खेटून, पण जराशी मागे. किती मागे? घागरीच्या मध्यापासून अडीच सेंटीमीटर. कॅमेरा दीड मीटरवर होता. म्हणजे पट्टी लांब असल्याने लहान दिसली, आणि त्या पट्टीने मोजलेली घागर १.७ टक्क्यांनी मोठी ठरली. लांबीत १.७ म्हणजे घनफळात तिपटीने, ५ टक्के. ११.४ च्या ५ टक्क्यांनी अर्धा लिटर आणि वर थोडं गेलं. पाव आणि हे मिळून ०.८ लिटर झालं की नाही? उरलं ०.१.

ते उरलेलं कुठे गेलं ते आईला माहीत आहे. आई, तूच तिला दाखवलं होतंस ना, घागर विहिरीच्या काठावर आपटून पोचा पडला होता ती बाजू? फिरवून घनफळ काढताना घागर सगळीकडून सारखी गोल आहे असं आपण धरतो. ती तशी नाही. चिऊने फोटो काढताना पोचा मागच्या बाजूला फिरवून ठेवला, फोटो छान यावा म्हणून, आणि निबंधात त्याचा उल्लेखच नाही. तिने पोच्याचं घनफळ वेगळं काढायचा प्रयत्न केला असता, पाणी भरून किंवा कणकेचा ठसा घेऊन, तर तेच तिचं स्वतःचं गणित झालं असतं. असल्या भांड्यांची घनफळं आम्हा शिक्षकांपुढे खूप येतात, कुणाची फुलदाणी, कुणाची बाटली. पोचा पडलेली घागर मी अजून पाहिलेली नाही.

सहभागाचे ३ पैकी २ तिला का मिळाले तेही यातच आलं. हा निकष मला सगळ्यात अवघड वाटतो. मुलांचा समज असा की विषय आपल्याला किती जिव्हाळ्याचा आहे ते पहिल्या पानावर लिहिलं की गुण मिळतात. चिऊनेही दीड पान आजीवर लिहिलंय. ते वाचून माझे डोळे भरून आले, पण तिथे गुण त्याला नसतात. मुलाने स्वतःच्या डोक्याने काय केलं, वेगळी वाट धरली का, स्वतः काही ताडून पाहिलं का, ते पाहतात. पाणी ओतून मोजलं म्हणून तिला २ मिळाले. पूर्वी या निकषाला ४ गुण होते. २०२१ पासून परीक्षा झालेल्या नव्या अभ्यासक्रमात ३ केले. मला ते बरं वाटलं. सहभाग खरा आहे की सजवलेला, हे ओळखताना दोन प्रामाणिक शिक्षकांचंही एकमत होत नाही.

आता शाळेत जाऊन जाब विचारण्याबद्दल. दादाला तसं करू देऊ नका. एक तर काम जमा झालंय. दुसरं, आणि हे तुम्हाला पटेल, कारण तुम्ही कोल्हापूरला मॉडरेशनला, म्हणजे तपासलेले गठ्ठे पुन्हा पाहायला, जायचात. इथे निबंध शाळेतल्याच शिक्षकांनी तपासायचा असतो, पण त्यातले काही निवडून आयबी बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवते. दोघांच्या गुणांतला फरक ठरलेल्या मर्यादेत असला तर शाळेचे गुण तसेच राहतात. जास्त असला तर त्या शाळेतल्या त्या विषयाच्या सगळ्याच मुलांचे गुण खाली किंवा वर सरकवले जातात. म्हणजे सरांनी कुणाच्या आग्रहाखातर १३ चे १६ केले, तर त्याची किंमत तिच्या वर्गातल्या मुलांनीही मोजायची. सढळ हाताने गुण देणारा शिक्षक इथे मुलांचं नुकसान करतो. हे मी माझ्या स्टाफरूममध्ये पोटतिडकीने सांगत असते, कारण पालकांचा दबाव आमच्यावरही येतो.

शिवाय हिशेब पाहा. २० गुण म्हणजे २० टक्के, तिचे त्यातले ७ गेले. ८० अजून तिच्या हातात आहेत. अंतिम श्रेणी १ ते ७ अशी असते आणि ७ मिळायला १०० पैकी १०० लागत नाहीत.

बाबा, तुमच्याकडून मला खरी मदत हवी आहे ती लेखी परीक्षेतल्या पेपर तीनसाठी. तो हायर लेव्हललाच असतो. सव्वा तास, ५५ गुण आणि फक्त दोन प्रश्न. प्रश्न साध्या उदाहरणापासून सुरू होतो आणि पायरीपायरीने सर्वसाधारण नियमापर्यंत नेतो. मधे कुठे अडलं तर आधीच्या भागात दिलेला निष्कर्ष वापरून पुढे जायचं असतं. चिऊ अडली की पहिल्यापासून सुरू करते आणि वेळ घालवते. परीक्षेआधी ती थोडे दिवस कराडला येणार आहे. मी जुने पेपर छापून कुरिअरने पाठवते, मोठ्या अक्षरात, म्हणजे चष्म्याचा त्रास होणार नाही. तिच्याजवळ बसा, पण उत्तर सांगू नका. "मग? पुढे?" एवढंच विचारत राहा, आम्हाला शिकवताना विचारायचात तसं.

आई, गुडघ्याचं तेल आणि गोळ्या त्याच पार्सलमध्ये ठेवते. जिना एकटीने उतरू नकोस.

तुमची,
ताई