स्वमग्न मुलांना काय येते, याचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी छात्राध्यापिका आहे. आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष अध्यापनाच्या सरावाच्या, काळात सहावीच्या ज्या वर्गावर मी विज्ञानाचे पाठ घेतले, त्या वर्गात एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा होता. तो नजरेला नजर देत नाही, गटात बसत नाही, गोंगाट वाढला की कानांवर हात ठेवतो, एवढेच मला त्याच्याविषयी सांगण्यात आले. त्याला काय येते, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, याची आज खंत वाटते.

पानांच्या पाठासाठी मुलांनी पाने गोळा करून आणली होती. इतर मुले झाडांची नावे सांगण्यात रमलेली असताना त्याने बाकावर पिंपळ, जास्वंद आणि आंबा यांची पाने एका बाजूला, तर गवत, बांबू आणि मका यांची दुसऱ्या बाजूला मांडून ठेवली होती. जाळीदार आणि समांतर शिराविन्यास (पानातील शिरांची मांडणी) मी शिकवण्याआधीच, केवळ निरीक्षणातून, त्याने हा भेद ओळखला होता. पुढे चाचणीत ‘पानांच्या शिराविन्यासाचे प्रकार सांगता येतील का?’ या प्रश्नावर त्याने ‘हो’ एवढेच लिहिले. चूक प्रश्न काढणाऱ्या माझी होती. ‘दोन प्रकार लिहा’ असे विचारताच त्याने आकृत्यांसह उत्तर दिले, आणि तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्न अधिक नेमका लिहू लागले.

प्रत्येक स्वमग्न मूल एखाद्या विषयात असामान्य असते, असे मला म्हणायचे नाही. तशी अपेक्षा धरणे हाही त्या मुलांवर अन्यायच आहे. काही मुले बोलत नाहीत, काहींना सतत सोबत लागते. त्यांच्याही आवडी आणि समजून घेण्याच्या रीती असतात, पण त्या ओळखायला शिक्षकाकडे वेळ आणि तयारी हवी.

१९९५च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत तो केला आणि समावेशक शिक्षणासाठी प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही शासनावर टाकली. आमच्या अभ्यासक्रमात हा विषय आहे. तथापि माझ्या अनुभवात तो व्याख्या आणि लक्षणे पाठ करण्यापुरताच राहिला. आंतरवासितेतील निदान एक आठवडा विशेष शिक्षकांसोबत काढण्याची सोय व्हावी आणि विद्यार्थ्याच्या नोंदपत्रकात अडचणींच्या आधी ‘या मुलाला काय येते’ हा रकाना असावा, अशी माझी शिक्षण विभागाला विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक छात्राध्यापिका, सातारा