‘बसेल’ म्हणालात, पण चालली नाही

दांडिया बाजार, बडोदा
दिनांक : ५ फेब्रुवारी २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीचा सल्ला देऊन लेन्स विकल्याबद्दल आणि ती परत घ्यायला नकार दिल्याबद्दल

महोदय,
स. न. वि. वि.

२६ डिसेंबरला मी तुमच्याकडून निकॉनची ५० मिमी एफ १.८ डी ही लेन्स १०,९५० रुपयांना मागवली. ती माझ्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस करत नाही, करूच शकत नाही. लेन्समध्ये बिघाड नाही, हे मीच आधी सांगते, कारण तुमच्या पहिल्या उत्तरात तेवढंच एक वाक्य आहे. माझी तक्रार लेन्सबद्दल नाही आणि ती बनवणाऱ्यांबद्दलही नाही. विकताना तुमच्या सल्लागारांनी मला जे सांगितलं, त्याबद्दल आहे. तुमच्या पुण्याच्या कार्यालयात मराठी पत्र वाचलं जातं असं फोनवर कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी मी काय विचारलं होतं ते सांगते. तो सगळा संवाद माझ्या फोनमध्ये आहे आणि त्याच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मी लिहिलं होतं : कॅमेरा निकॉन डी५६००. त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. जानेवारीत आईला घेऊन अजिंठा आणि वेरूळला जायचं आहे. अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही, लेण्यांत अंधार असतो, ट्रायपॉड नेता येणार नाही. अंधारात हातात धरून भिंतीवरची चित्रं टिपता येतील अशी लेन्स हवी. याहून नेमका प्रश्न ग्राहकानं कसा विचारायचा? मी ३५ आणि ५० मिमी यांतली कोणती घ्यावी, असंही विचारलं होतं. उत्तर आलं, “५० डी घ्या, मॅडम. स्वस्त पडेल आणि काम तेच होईल.” मी पुन्हा विचारलं, “माझ्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस होईल ना?” त्यावर उत्तर होतं, “हो, बसेल.”

त्या एका शब्दावर मी पैसे भरले. बसणं आणि चालणं यांत किती अंतर आहे, ते मला नंतर समजलं. निकॉनच्या कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा हा सांधा, म्हणजे माउंट, १९५९ पासूनचा आहे, त्यामुळे कितीतरी जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर खट्टकन बसतात. पण डी प्रकारच्या या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. ती मोटर कॅमेऱ्यात असावी लागते. डी९०, डी७२००, डी७५०० यांच्यात ती आहे. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत नाही, म्हणजे माझ्याही नाही. माझ्या कॅमेऱ्याला एएफ-एस किंवा एएफ-पी असं लिहिलेली, स्वतःची मोटर असलेली लेन्स लागते. लेन्स विकणाऱ्या माणसाला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवी. मी कॅमेऱ्याचं नाव न सांगता विचारलं असतं, तर चूक माझी होती.

लेन्स ८ जानेवारीपर्यंत देतो म्हणालात, ती १३ तारखेला, शनिवारी संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी उत्तरायण, इकडचा पतंगांचा सण. घरात पाहुणे, गच्चीवर मुलांचा गलका, स्वयंपाकघरात उंधियूची भाजी निवडायची बाकी. तरी मी तेव्हाच खोका उघडला आणि लेन्स लावली. कॅमेऱ्यानं चूक दाखवली. तुमच्या मदत क्रमांकावर सांगितलं, लेन्सवरची उजेड कमी-जास्त करणारी रिंग २२ वर नेऊन लॉक करा. ते बरोबर होतं, चूक गेली. मग मी म्हटलं, आता फोकस होत नाही. त्यावर पलीकडून ऐकू आलं, “कॅमेरा अपडेट करून बघा, नाहीतर मंगळवारी फोन करा, मध्ये सुट्टी आहे.” कॅमेरा अपडेट करून त्यात मोटर येत नाही. हे त्या दिवशी कोणी सांगितलं असतं, तर निदान इथल्या कुणाकडून एक-दोन दिवसांसाठी दुसरी लेन्स मागून घेतली असती. आमची गाडी १५ तारखेच्या रात्रीची होती. सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ, म्हणून मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी वेरूळ असं आम्ही महिनाभर आधीच ठरवलं होतं. आयत्या वेळी दिवस पुढे ढकलणं शक्य नव्हतं.

आता या फोटोंची एवढी घाई का होती, तेही सांगते. माझी आई ७६ वर्षांची आहे. ती आमच्या इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकली आणि पुढे तिनं ती शाळेत शिकवली. लहानपणी ती मला कीर्तिमंदिरात नेऊन चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं दाखवायची आणि हेच बोस तरुणपणी अजिंठ्याला जाऊन तिथल्या चित्रांच्या नकला करून आले होते, हे सांगायची. कॉलेजातून ती स्वतःही एकदा अजिंठ्याला जाऊन आली होती. आता तिची नजर अधू झाली आहे, मंद उजेडात तर तिला फार थोडं दिसतं. लेण्यात उभं राहून तिला चित्र नीट दिसणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ठरलं असं होतं की ती तिथे जाईल, त्या जागी पुन्हा एकदा उभी राहील, आणि चित्र मी टिपून घरी मोठ्या पडद्यावर तिला सावकाश दाखवेन. फोटो आठवणीसाठी नव्हते. तिचं पाहणंच त्यांच्यावर अवलंबून होतं.

जळगावहून आम्ही सकाळीच निघालो. फर्दापूरपासून एसटीची बस आणि वर चढायला आईसाठी डोली. पहिल्या लेण्यात थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात. मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या अंगाला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, आहे. मी तुमची लेन्स लावली. हातानं फोकस करायचा म्हणजे दृश्यखिडकीत फोकस जुळला की दिसणाऱ्या बारीक हिरव्या ठिपक्यावर नजर ठेवून फोकसची रिंग केसभर फिरवायची. एफ १.८ वर तीन मीटर अंतरावरून जेमतेम एक वीतभर खोली स्पष्ट येते. कठड्यामुळे समोरासमोर उभं राहता येत नाही, तिरपं उभं राहावं लागतं, त्यामुळे खांदा स्पष्ट आला तर चेहरा जातो. मागे लोक थांबलेले. दुसरी अडचण अशी की माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ५० मिमीची लेन्स ७५ सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, आणि मागे सरकायला जागा नाही. म्हणजे उजेडाच्या बाबतीत ठीक, पण जागेच्या बाबतीतही तुमची निवड चुकलीच होती. ३५ मिमीची एएफ-एस लेन्स याच कॅमेऱ्यावर साधारण ५२ सारखी दिसली असती, तिलाही एफ १.८ एवढाच उजेड मिळाला असता आणि फोकस तिनं आपला आपण केला असता. मी नाव घेऊन विचारली होती तीच ही लेन्स.

शेवटी मी जुनी १८-५५ लावली. १८ वर ती एफ ३.५ पर्यंतच उघडते, म्हणजे १.८ च्या मानानं उजेड जवळपास पाव. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० वर नेऊन काढलेले फोटो दाणेदार आले, पण निदान आले. वेरूळला कैलास लेण्यात ऊन होतं, तिथे कसलीच अडचण आली नाही. अजिंठ्याच्या पहिल्या आणि सतराव्या लेण्यातले मिळून चार-पाच फोटो बरे म्हणावे असे आहेत. पद्मपाणीचा चेहरा त्यांत नाही. घरी पडदा लावून बसलो तेव्हा आईनं विचारलं, “हा धूसर का गं?” मी तिला सांगितलं की लेन्समुळे. ती म्हणाली, “हाताचं कमळ छान आलंय.” त्यानंतर ती बराच वेळ नुसतं ते कमळच बघत होती.

१९ जानेवारीला मी तुम्हाला पहिला मेल केला. पोच यायला सहा दिवस लागले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ती ४८ तासांत यायला हवी होती, आणि तक्रारीचं निवारण एका महिन्यात. २५ जानेवारीला उत्तर आलं, ‘वस्तूत दोष आढळला नाही’. २९ ला ‘लेन्स वापरलेली आहे’. २ फेब्रुवारीला ‘माउंट सुसंगत आहे’. तिसरं उत्तर वाचून मला खरंच वाईट वाटलं. सव्वा महिन्यानंतरही तुम्ही मला ती बसते एवढंच सांगत आहात. त्याच नियमांत असंही आहे की जाहिरात केलेले किंवा कबूल केलेले गुण वस्तूत नसतील, किंवा ती ठरलेल्या मुदतीनंतर पोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. आणि वापरल्याचं म्हणाल, तर लावून पाहिल्याशिवाय ती चालत नाही हे मला कळणार तरी कसं होतं?

माझं मागणं एवढंच आहे की पूर्ण १०,९५० रुपये परत द्यावेत आणि लेन्स नेण्याचा खर्च तुम्ही करावा. किंवा तिच्या बदली ३५ मिमी एफ १.८ जी एएफ-एस पाठवावी, किमतीत वरचा फरक असेल तो मी लगेच भरेन. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर पावसाळ्यानंतर आईला घेऊन पुन्हा जायचा विचार आहे. प्रवासखर्च किंवा मनस्तापाची भरपाई मी मागत नाही. मात्र डी लेन्सच्या पानावर, किमतीच्या शेजारीच, कोणत्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस होणार नाही ते स्पष्ट लिहावं, हा आग्रह मी सोडणार नाही. घरातल्या पहिल्याच कॅमेऱ्यासाठी लेन्स घेणारी माणसं बहुतेक माझ्यासारखाच साधा कॅमेरा घेऊन येतात, आणि नेमक्या त्याच कॅमेऱ्यांत मोटर नसते. ज्या सल्लागारांनी मला उत्तर दिलं त्यांचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यांना दंड व्हावा अशी माझी इच्छा नाही, त्यांना शिकवावं अशी आहे.

१९ फेब्रुवारीला पहिल्या तक्रारीला महिना पुरा होईल. तोवर उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून मी बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. कागदपत्रं तयार आहेत.

लेन्स मूळ खोक्यात, पुढचं-मागचं झाकण, वॉरंटी कार्ड आणि बिलासह बांधून ठेवली आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करावा, आणि शक्यतो दुपारी १ ते ४ टाळावं, त्या वेळी आई झोपलेली असते.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, सल्लागारांशी झालेल्या संवादाच्या प्रती, तुमची तीन उत्तरं, पहिल्या लेण्यातले दोन फोटो