गाडी न्यूट्रलला सुरू होत असेल, तर बॅटरी कशाला बदलायची?

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांतून वाहनांच्या निगेविषयी लिहून येते आणि त्यात टायर, ब्रेक, चेन, बॅटरी यांची आठवण आवर्जून करून दिली जाते. आमच्या कोकणात मात्र पावसाच्या चार महिन्यांत हमखास उद्भवणाऱ्या एका तक्रारीविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. मोटारसायकल न्यूट्रलमध्ये असली तर सेल्फचे बटण दाबताच सुरू होते. गिअरमध्ये असली तर क्लच पूर्ण ओढूनही तेच बटण दाबल्यावर हूं की चूं करत नाही. दोष तसा किरकोळ असतो, परंतु त्यावर सर्रास केले जाणारे दोन उपाय मात्र किरकोळ नाहीत. एक ग्राहकाच्या खिशावर येतो आणि दुसरा त्याच्या हाडांवर.

गेल्या जुलैत चिपळूणहून पाटणला बहिणीकडे जाताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढू लागलो, तेव्हा पुढे भरलेला ट्रक आणि मागे एसटी अशा अवस्थेत माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये बंद पडली. एरवी क्लच दाबून सेल्फ मारला की भागते. त्या दिवशी बटण निर्जीव होते. चढावर डावा पाय गिअर शोधत असतो, म्हणून सगळा भार उजव्या पायावर येतो आणि मागचा ब्रेक दाबायला पायच उरत नाही. पुढचा ब्रेक उजव्या हाताच्या बोटांनी धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने सेल्फ दाबायचा. त्यातच न्यूट्रल सापडेना. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात, असे चार-पाच वेळा झाले आणि तोवर मागच्या एसटीच्या भोंग्याने माझी अवस्था साऱ्या घाटाला कळवली होती. गाडीला किक नाही. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाची बीएस-6 मानके लागू झाली, त्या सुमारास काही मॉडेलांची किक गेली आणि पुष्कळ गाड्यांना साइड स्टँडवर इंजिन बंद ठेवणारा स्विच आला. माझी गाडी त्याच पिढीतली.

परत आल्यावर शहरातल्या एका सेवा केंद्रात गाडी दाखवली. तेथे बॅटरीला तपासणी यंत्र लावून ‘वीक आहे’ असे सांगण्यात आले. बॅटरी दीड वर्षाचीच होती, तरी मुकाट्याने नवी घेतली. दुसऱ्या दिवशी तक्रार जशीच्या तशी. मग सेल्फचा रिले (बटणाच्या इशाऱ्यावर सेल्फच्या मोटरला वीज सोडणारा विद्युत स्विच) बदलू, असे सांगितले गेले आणि मी कां-कूं करताच तिसरा पर्याय पुढे आला : ‘काका, क्लचचा स्विच डायरेक्ट करून देतो, दहा मिनिटांचं काम आहे.’ म्हणजे स्विच वगळून त्याच्या वायरी थेट जोडायच्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक विभागाचा शिल्प निदेशक म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाने हे सारे निमूटपणे ऐकून घेतले, याची मला आजही लाज वाटते.

वास्तविक या तक्रारीतच तिचे अर्धे निदान असते. सेल्फच्या रिलेला प्रवाह पुरा होण्यासाठी दोन वाटा असतात. घराला पुढचे आणि मागचे दार असावे, तशा. पुढचे दार म्हणजे न्यूट्रलचा स्विच. गाडी न्यूट्रलमध्ये आली की हिरवा दिवा लागतो आणि ही वाट उघडते. मागच्या दाराला दोन कड्या आहेत, एक क्लचच्या स्विचची आणि दुसरी साइड स्टँडच्या स्विचची; क्लच ओढलेला आणि स्टँड वर केलेला असेल तरच ते दार उघडते. नव्या गाड्यांत हे संदेश इंजिनाच्या संगणकाकडे जातात, परंतु तर्क तोच राहतो. आता पुढच्या दाराने गाडी झटक्यात सुरू होत असेल, तर दोन्ही वाटांना सामाईक असलेले सगळे भाग, म्हणजे बॅटरी, फ्यूज, बटण, रिले आणि सेल्फची मोटर, निर्दोष आहेत हे आपोआप सिद्ध होते. दोष मागच्या वाटेवरच शोधायचा असतो.

त्या वाटेवरच्या दोन कड्यांपैकी कोणती अडकली, हे ओळखायला साधे हत्यारही लागत नाही. स्टँड वर करून गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करावी, क्लच ओढून पहिला गिअर टाकावा. इंजिन तत्काळ बंद पडले तर स्टँड खालीच आहे अशी गाडीची समजूत झालेली असते, म्हणजे संशयित स्टँडचा स्विच. इंजिन सुरू राहिले आणि गाडी नेहमीप्रमाणे निघाली, तर स्टँडचा स्विच निर्दोष सुटला आणि बहुतेक वेळा क्लचचा स्विच सापडला. क्वचित वायरिंगमधला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला असतो. गिअरमध्ये असताना क्लच ओढताच हिरवा दिवा उगाच लागू लागला, तर तिकडे पाहावे. आणि बटण दाबल्यावर मोटर फिरते पण गाडी पुढे हिसका देते, असे असेल तर तो आजारच वेगळा : तेथे क्लच पुरता सुटत नाही आणि आधी केबलची ढील पाहावी लागते. (जुन्या बुलेटवाल्यांनी या पत्राने घाबरून जाऊ नये. त्या गाडीची किक गिअरबॉक्समधून, क्लचमार्गे इंजिन फिरवते, त्यामुळे ती न्यूट्रललाच मारावी लागते. तो दोष नव्हे. काही गाड्यांचा सेल्फही मुळातच फक्त न्यूट्रलमध्ये चालतो, तेव्हा आधी सोबतची पुस्तिका वाचावी.)

मी स्वतः मात्र ही साधी चाचणी विसरून आधी स्टँडच धुवत बसलो, कारण आमच्याकडचा लाल चिखल तेथे थापला जातो आणि बहुतेक वेळा गुन्हेगार तोच निघतो. फरक पडला नाही. मग क्लच लिव्हरच्या खाली बोट घालून पाहिले. माझ्या गाडीत लिव्हर मोकळा असताना स्विचची बारीक पिन आत दाबलेली राहते आणि लिव्हर ओढला की ती बाहेर यायला हवी. ती आतच चिकटून बसली होती. जुने ग्रीस आणि लाल माती मिळून तिच्याभोवती शेंदरासारखा घट्ट थर झाला होता. स्विचच्या दोन वायरींचा कपलर सोडवून मल्टिमीटर लावला, तर लिव्हर ओढूनही काटा जागचा हलेना. लिव्हरचा बोल्ट काढला, स्विच साफ करण्याचा फवारा मारला, जुन्या टूथब्रशने थर खरवडला आणि पिन चार-सहा वेळा आतबाहेर केली, तेव्हा कुठे ती ‘टक्’ करून सुटली. मीटरचा काटा हलला आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सेल्फवर सुरू झाली. एकही सुटा भाग लागला नाही. नवी बॅटरी मात्र आता गाडीत आहे.

खरी चिंता त्या ‘डायरेक्ट’ची आहे. क्लचच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या की स्टँड वर असताना गाडी क्लच न ओढताही गिअरमध्ये सेल्फ घेते आणि तशीच पुढे उडी मारते. उतारावर गाडी गिअरमध्ये लावून ठेवावी, असे आपणच सगळ्यांना सांगतो. त्यात स्टँडचा स्विचही याच रीतीने जोडला असेल आणि किल्ली लावलेल्या अशा गाडीवर लहान मूल बसून बटणाशी खेळू लागले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय अशा गाडीवर खाली राहिलेल्या स्टँडनिशी माणूस रस्त्याला लागतो आणि डावीकडच्या पहिल्याच वळणावर स्टँड जमिनीत रुततो. निदानासाठी, गाडी मुख्य स्टँडवर घेऊन, क्लचच्या साध्या स्विचच्या वायरी क्षणभर जोडून पाहणे वेगळे. संगणकाकडे जाणाऱ्या वायरींना तर अंदाजाने हातही लावू नये. परंतु टेप गुंडाळून गाडी तशीच ग्राहकाच्या हवाली करणे, ही दुरुस्ती नव्हे.

गॅरेजवाल्यांची अडचण मला ठाऊक आहे. हा स्विच दरवेळी सुटा मिळत नाही, मागवला तर आठवडा जातो आणि ग्राहकाला गाडी संध्याकाळी हवी असते. तेव्हा माझी मागणी माफक आहे. कंपन्यांनी हे दोन स्विच पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरते तरी कोकणातल्या सेवा केंद्रांत सुटे ठेवावेत, आणि नाइलाजाने कोणी स्विच डायरेक्ट केलाच, तर तसे जॉब कार्डावर मराठीत लिहून, ग्राहकाची सही घेऊन, जुना स्विच त्याच्या हातात परत द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, चिपळूण