चेंबर आधी, इंजिन नंतर : फोंड्याच्या मेस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मेस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापायचे नाही असे आपण मला दोनदा बजावले होते, म्हणून ते या पत्रात घेतलेले नाही. आभार मात्र उघडपणेच मानायचे होते, कारण जुन्या फियाटचे वेड लागलेला मी गोव्यात एकटा नाही आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, कापण्याच्या ज्या चुकीपासून आपण मला परतवलेत, ती माझ्यासारखा आणखी कोणी करण्याच्या बेतात असेल तर त्याच्या कानावर हे पडावे.

वडिलांची 1982 सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, आपण पाहिली आहे. तिच्या पाटीवरचा क्रमांक आजही जुन्या 'जीडी' अक्षरांनीच सुरू होतो. तिचे मूळ 1089 सीसीचे इंजिन शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत बोअर होऊन गेले होते, म्हणजे सिलिंडर आणखी मोठे करायला जागा उरली नव्हती, आणि ब्लॉकला तडाही गेला होता, तेव्हा दुसरे इंजिन बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते. बेळगावच्या भंगारबाजारातून मी मारुती एस्टीमचे 1298 सीसीचे इंजिन आणले आणि त्याच्यामागे लावण्यासाठी मारुती जिप्सीचा गिअरबॉक्स मिळवला. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला असल्यामुळे तो वगळून नुसता गिअरबॉक्स मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला वापरता येतो, हे कुणीतरी मला सांगितले होते आणि ते खरेही निघाले. आरटीओकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली इंजिन बदलण्यासाठी अर्ज केला, इंजिन ज्यावर टेकते ते फाउंडेशनचे रबर आणले, आणि एवढे झाल्यावर आपण अर्धी लढाई जिंकलो असे मला वाटू लागले. चेंबरचा विचार तोवर मनात आलाच नव्हता. इंजिनाला खाली एक पत्र्याचे भांडे असते, त्यात ऑइल राहते, एवढेच माझे ज्ञान होते.

साखळीने उचललेले इंजिन खाली सोडताना ते भांडे पुढच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे गाडीच्या आडव्या लोखंडी तुळईवर, टेकले आणि इंजिन हवे होते त्याच्या चार बोटे वरच अडकून राहिले. एस्टीममध्ये हे इंजिन आडवे बसते, त्यामुळे त्याच्या चेंबरचा आकार त्या गाडीच्या पोटातल्या जागेप्रमाणे घडवलेला आहे; तेच इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवले की खोल भाग नको तिथे येतो. ज्या गॅरेजात मी हे काम करून घेत होतो, तिथल्यांनी दोन तोडगे सुचवले. एक, क्रॉस मेंबरला खाच मारायची. दुसरा, चेंबर कापून वेल्डिंग करून उथळ करायचा. दुसरा तोडगा मला पटला होता आणि मी ग्राइंडरची चकतीदेखील विकत घेतली होती. गाडी दोरीने ओढत मी आपल्या दारात आणली ती केवळ वेल्डिंग कुठे चांगले होईल हे विचारण्यासाठी, हे आज कबूल करतो.

आपण गाडीखाली गेलात, टॉर्च फिरवलात आणि बाहेर येऊन कोकणीत एवढेच म्हणालात, "माप घे, मागीर उलय", म्हणजे आधी माप घे, मग बोल. त्या क्षणी मला थोडा राग आला होता. पुढचे दोन रविवार मात्र आपण मला जे शिकवलेत ते कुठल्या पुस्तकात एकत्र सापडेल असे मला वाटत नाही.

क्रॉस मेंबरला खाच का मारायची नाही, हे आपण एका वाक्यात संपवलेत : पुढच्या सस्पेन्शनच्या आर्म्स आणि स्प्रिंग यांचा भार जो तुकडा उचलतो तो ऑइलच्या भांड्यासाठी कमकुवत करणे म्हणजे दाराची कडी बसवण्यासाठी तुळई कापणे. चेंबर कापण्याबद्दल मात्र आपण बराच वेळ घेतलात. चेंबर उथळ केला तर ऑइल कमी मावते; चालत्या इंजिनात बरेचसे ऑइल वर हेडमध्ये आणि बेअरिंगांमध्ये फिरत असते आणि ते परत खाली यायला वेळ लागतो, म्हणून खाली उरलेल्या साठ्यात पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती जाळी सदैव बुडालेली राहील इतके ऑइल असायलाच हवे. ती उघडी पडून पंपाने एकदा हवा ओढली, की पहिला मार क्रँकच्या बेअरिंगांवर बसतो. शिवाय वर्षानुवर्षे ऑइल प्यायलेल्या पत्र्यावर वेल्डिंग सच्छिद्र होते, उष्णतेने फ्लँज, म्हणजे चेंबरची ब्लॉकला बसणारी कड, वाकतो आणि मग कितीही सिलिकॉन फासले तरी तिथून पाझर थांबत नाही. हे ऐकून मी चकती खिशातून काढून आपल्या बाकावर ठेवली, ती अजून तिथेच असेल.

जिप्सीचा चेंबर वापरायची कल्पना आपली. एस्टीम आणि जिप्सी या दोघींची इंजिने एकाच कुळातली, ब्लॉकच्या खालच्या बाजूचे बोल्टही जुळणारे. पण जिप्सीमध्ये इंजिन उभे बसते आणि पुढचा अ‍ॅक्सल खाली-वर व्हायला जागा लागते, म्हणून तिचा चेंबर पुढे उथळ आणि मागे खोल. माझ्या फियाटच्या क्रॉस मेंबरला नेमके तेच हवे होते. आपण मात्र लगेच होकार दिला नाहीत. आधी रिकामा ब्लॉक गिअरबॉक्ससह टांगून, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची रेघ सुतळीने जुळवून, बॉनेट आणि एअर क्लीनर यांच्यातले अंतर पाहून, मग खाली किती जागा उरते ते मोजायला लावलेत. "चेंबर शेवटी शोधायचा नसतो, इंजिन कुठे बसणार हे चेंबरच ठरवतो," हे आपले वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे. इंजिन रबरावर डुलते, म्हणून चेंबर आणि क्रॉस मेंबर यांच्यात निदान 15 मिलिमीटर मोकळी जागा हवी, असे आपले म्हणणे होते. माझ्या गाडीत ती 19 भरली. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, पुढचे चाक जॅकने वर दाबून, चाके वळवणारा टाय रॉड चेंबरला कुठे घासतो का, तेही आपण तपासून घेतलेत. चाके सरळ ठेवून माप घेतले असते तर ते फसवे निघाले असते, हे तेव्हा डोळ्यांनी दिसले.

मध्येच मला एका तयार अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचा मोह पडला होता. खाली पंखांसारख्या पट्ट्या असलेला तो चकचकीत तुकडा फोनवर दाखवला तेव्हा आपण हसलात आणि आपल्या अंगणाबाहेरच्या रस्त्याकडे बोट दाखवलेत. पत्र्याच्या चेंबरला दगड लागला तर पोचा पडतो, ओतीव अ‍ॅल्युमिनियमला लागला तर तडा जातो. आणि आपल्या गावांतले गतिरोधक कोण कुठल्या मापाने घालतो, देव जाणे.

जिप्सीचा चेंबर शोधतानाही आपण सोबत आलात. पहिले दोन आपण हातात घेऊन लगेच परत ठेवलेत. एकाच्या तळाला जॅक लागून आत आलेला पोचा होता. बाहेरून किरकोळ दिसणारा हा पोचा तळ सहा-सात मिलिमीटरने वर उचलतो आणि जाळीचे तोंड अर्धे बंद करतो, हे मला कधी सुचले नसते. दुसऱ्याच्या ड्रेन बोल्टचे आटे गेले होते. तिसरा खाणपट्ट्यात राबलेल्या जिप्सीचा, लाल धुळीने माखलेला, पण आतून शाबूत होता. त्याच्यासोबत जिप्सीचाच स्ट्रेनर, म्हणजे नळीसकट ती जाळी, आणि ऑइल मोजायची जिप्सीचीच डिपस्टिक तिच्या नळीसह घ्यायला आपण दुकानदाराशी घासाघीस केलीत. पंप पुढे क्रँकच्या तोंडाशी आणि ऑइलचा साठा मागे, म्हणून स्ट्रेनरची नळी लांब लागते; एस्टीमची नळी ठेवली असती तर जाळी उथळ भागात अधांतरी लटकली असती. या नळीच्या तोंडाची रबरी रिंग जुनी असली तर तिथूनही पंप हवा ओढतो, म्हणून ती नवीच घालायची, हेही त्याच वेळी कळले.

आणि मग ती मातीची युक्ती. चवथीला गणपती घडवून उरलेली चिकणमाती आपल्या शेजारच्या चित्रशाळेतून मागून आणलीत, तिचा गोळा जाळीखाली चिकटवलात, पॅकिंगसह चेंबर चार बोल्टांवर बसवून पुन्हा काढलात आणि दबलेल्या मातीची जाडी आपल्या पोलादी पट्टीने मोजलीत : 8 मिलिमीटर. जाळी तळाला फार टेकली तर ऑइल ओढता येत नाही, फार वर राहिली तर उघडी पडते; सहा ते दहाच्या दरम्यान आली की झाले, असे म्हणून आपण चहा मागवलात. चहा पिता पिता आपण फ्लँजचे प्रत्येक भोक लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट केलेत, कारण आधी कुणीतरी बोल्ट जरुरीपेक्षा जास्त आवळून प्रत्येक भोकाभोवती पत्रा फुगवला होता. सहा मिलिमीटरचे हे बोल्ट सुमारे 10 न्यूटन-मीटरलाच आवळायचे असतात. ते जोर दाखवायचे ठिकाण नव्हे. रात्रभर चेंबरात रॉकेल भरून, बाहेरून खडूची पूड फासून ठेवलीत आणि सकाळी पूड कोरडीच होती.

डिपस्टिकच्या खुणांवरही आपण विश्वास ठेवू दिला नाहीत. फियाटमध्ये इंजिन किंचित मागे झुकून बसले आहे, त्यामुळे जिप्सीतली खूण इथे खरी ठरेलच असे नाही. म्हणून मोजून ऑइल ओतले, सपाट जमिनीवर गाडी उभी ठेवली आणि डिपस्टिकवर नवी खूण कानशीने कोरली. प्लग काढून स्टार्टर फिरवत ऑइलचा लाल दिवा विझल्यावरच आपण ठिणगी जोडू दिलीत.

आता थोडे पुढचे, जे आपणास अजून सांगितलेले नाही. गेल्या आठवड्यात साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढलो. चढताना ऑइल मागे जाते आणि आपली जाळीही मागेच, म्हणून ऑइल प्रेशरचा काटा हललाही नाही. उतरताना, एका तीव्र वळणावर ब्रेक दाबला तेव्हा मात्र तो काटा क्षणभर खाली आला आणि माझा जीव वर आला. खाली उतरून पाहिले तर ऑइल खालच्या खुणेला टेकले होते. घाटात जाण्याआधी वरच्या खुणेपर्यंत भर, असे आपण सांगितले होते. मी आळस केला होता. अर्धा लिटर भरून तोच उतार पुन्हा उतरलो, तेव्हा काटा जागेवर राहिला. आतापर्यंत 800 किलोमीटर झाले आहेत आणि गाडीखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर ऑइलचा एकही थेंब नाही.

आपण कामाचे पैसे घेतले नाहीत आणि मी आग्रह केला तेव्हा विषय बदललात. तेव्हा एवढेच करतो : आपली ती पोलादी पट्टी माझ्याकडेच राहिली आहे, ती घेऊन येत्या रविवारी सकाळी येतो. गाडी यावेळी दोरीने ओढावी लागणार नाही. वडीलही सोबत आहेत. चालक म्हणून तेच बसणार असा त्यांचा हट्ट आहे.

आपला नम्र,
डिचोलीचा फियाटवाला