संगणक क्लबांना खोलीची चावी मिळू द्या

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दर वर्षी महाविद्यालये सुरू झाली की संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांच्या क्लबांची उद्घाटने होतात. समई पेटते, फ्लेक्सवर पाहुण्यांचा फोटो विद्यार्थ्यांच्या फोटोपेक्षा मोठा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात दोन कॉलमी बातमी येते. चतुर्थीच्या सुट्टीनंतर त्या क्लबचे पुढे काय झाले, हे बघायला कोणी जात नाही. मला ते ठाऊक आहे, कारण गोव्यातल्या, विद्यापीठाशी संलग्न एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात मी प्रयोगशाळा सहायक होतो आणि लॅबच्या चाव्या माझ्याकडे असत. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. इतर ठिकाणच्या लॅबवाल्यांशी बोललो की त्यांचेही रडगाणे तेच असते.

मुलांचे माझ्याकडे मागणे वर्षानुवर्षे एकच असे, "काका, आणीक धा मिनटां." साडेपाचला लॅब बंद. क्लास सुटतो साडेचारला. त्यात कोणी चहाला जातो, कोणाचे प्रॅक्टिकल लांबते. म्हणजे क्लबच्या वाट्याला धड पाऊण तासही येत नाही. कोडशेफ आणि कोडफोर्सेस या संकेतस्थळांवरच्या बहुतेक प्रोग्रॅमिंग स्पर्धा आपल्याकडे रात्री आठच्या सुमारास सुरू होतात. तेव्हा आमच्या लॅबमध्ये फक्त यूपीएसचा हिरवा दिवा जागा. हॉस्टेलमधली, स्वतःचा लॅपटॉप असलेली मुले खोलीत बसून भाग घेतात. वाळपई-केरीची मुलगी तोपर्यंत घरी पोचून नेटवर्कसाठी मोबाइल खिडकीत ठेवत असते. आयसीपीसी या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा नियम तर असा आहे की तिघांची टीम, पाच तास आणि संगणक एकच. एकाने टाइप करायचे, बाकी दोघांनी कागदावर डोके चालवायचे. हा सराव घरी एकट्याने कसा करणार? त्याला खर्च काही नाही. एक खोली आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते.

अशा बैठकांतून काय निघते याचा एक प्रसंग सांगतो. एका पावसाळ्यात, प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलेली असताना, लॅबमधल्या निम्म्या संगणकांचे इंटरनेट गेले. बाकी निम्मे नीट चालू. ज्यांचे गेले त्यांत काही मेळ नव्हता, या रांगेतला एक, त्या रांगेतले दोन. बाहेरच्या तंत्रज्ञाला फोन केला तर तो म्हणाला, सोमवारी येतो. क्लबच्या दोन मुली त्या दिवशी थांबल्या होत्या. त्यांनी प्रत्येक संगणकावर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन त्याला मिळालेला नेटवर्कमधला पत्ता वहीत उतरवून काढला. चालू संगणकांचे पत्ते दहापासून सुरू होत होते आणि बंद पडलेल्यांचे 192.168 पासून. म्हणजे पत्ते वाटणारा दुसराच कोणी तरी आमच्या नेटवर्कमध्ये शिरला होता. संगणक सुरू झाला की तो नेटवर्कवर हाक मारतो, मला पत्ता द्या, आणि जो आधी देईल त्याचा घेतो. आमचा अधिकृत सर्व्हर होता पलीकडच्या इमारतीत. हा उपटसुंभ कुठे तरी जवळच होता.

मग एकीने बिघडलेल्या संगणकावर त्या अनोळखी यंत्राला सतत पिंग लावून ठेवले, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारत राहायचे, आणि दुसरी स्टुलावर चढून स्विचमधली, म्हणजे सगळ्या केबल जिथे येतात त्या पेटीतली, एकेक केबल काढायची, थांबायची, परत लावायची. पडद्यावरची उत्तरे थांबली तशी खालची ओरडली, "काका, मेळ्ळो!" म्हणजे सापडला. ती केबल गेली होती कोपऱ्यातल्या कपाटामागे. तिथे कोणी तरी घरचा जुना वायफाय राउटर जोडून ठेवला होता, मोबाइलला नेट मिळावे म्हणून, आणि केबल खोचली होती चुकीच्या भोकात. डीएचसीपी या नावाने हा विषय अभ्यासक्रमात आहे, एका तासात शिकवून होतो. या दोघी तो जन्मात विसरणार नाहीत. त्यांना मी स्कूटरने बस स्टँडवर पोचवले, एकेक करून, कारण पाऊस होता आणि त्यांची शेवटची बस निघायची वेळ झाली होती.

या कामाची बातमी झाली नाही. व्हावी असेही नाही. पण वर्षअखेरीस क्लबच्या कार्याचा अहवाल मागितला जातो तेव्हा त्यात हे कुठे लिहायचे, असा प्रश्न मुलांना पडतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला पुरावा म्हणून जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले फोटो लागतात. स्टुलावर चढलेल्या मुलीचा फोटो कोण काढतो? म्हणून मग पाहुण्यांचे व्याख्यान ठेवायचे, पहिल्या वर्षाच्या मुलांना हजेरीचे आमिष दाखवून सभागृहात बसवायचे आणि फोटो काढायचे. व्याख्यानांना माझा विरोध नाही, काही फार चांगली झाली. पण वर्षभरात क्लबची मुले एकंदरीत खुर्च्या लावणे, प्रमाणपत्रे छापणे आणि पाहुण्यांना आणायला गाडी बघणे यातच तरबेज होतात. पैसा जातो टी-शर्टात. एका वर्षी वर्गणीतून टी-शर्ट आले आणि नेटवर्क केबलच्या रोलला पैसे उरले नाहीत. टी-शर्टवर मागे मोठ्या अक्षरांत लिहिले होते ‘कोड’.

एका विद्यार्थ्याने मला एमआयटीची एक गोष्ट ऐकवली होती. कशासाठी ऐकवली ते उघड आहे. अमेरिकेतल्या त्या संस्थेत 1946 पासून छोट्या रेल्वे चालवणाऱ्या विद्यार्थ्यांचा क्लब आहे. युद्धकाळात बांधलेल्या एका लाकडी इमारतीत त्यांचे रूळ मांडलेले असत. पन्नासच्या दशकात तिथे रिवाज असा होता की सभासदाने त्या मांडणीवर 40 तास काम केले की त्याला खोलीची स्वतःची चावी मिळायची. रुळांखालच्या वायरिंगमध्ये हात घातलेलीच मुले पुढे तिथल्या सुरुवातीच्या संगणकांवर रात्री-अपरात्री बसू लागली आणि 1962 साली ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरचा खेळ त्या मंडळींतून आला. आमच्या क्लबची पोस्टर मुले गिम्प या चित्रे करायच्या सॉफ्टवेअरवर करायची. फुकट मिळते म्हणून. तेही क्लबचेच अपत्य आहे, हे मला फार उशिरा कळले. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस हे बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले दोन विद्यार्थी, तिथल्या विद्यार्थ्यांच्या संगणक क्लबचे सभासद. 1995 मध्ये त्यांनी गिम्प लिहायला घेतले. त्याची बटणे आणि खिडक्या काढण्यासाठी जे सामान त्यांनी तयार केले, त्यावर आज लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीतला ग्नोम डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, उभा आहे. आपल्याकडून लगेच असे काही निघेल असे मी म्हणत नाही. पण साडेपाचला कुलूप लावून तर नक्कीच निघणार नाही.

प्राचार्यांची अडचण मला समजते. रात्री काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? चोरीचे भयही खोटे नाही, माझ्याच डोळ्यांदेखत संगणकांतल्या रॅमच्या पट्ट्या गेल्या आहेत. पण त्या दिवसाढवळ्या, भर वर्गाच्या वेळी गेल्या, क्लबच्या बैठकीत एकदाही नाही. क्लबच्या मुलांना कोणती पट्टी कुठल्या संगणकात आहे हे माझ्याइतकेच पाठ होते, त्यामुळे कमी झालेली पट्टी तीच मुले आधी दाखवायची. सगळी लॅब उघडी ठेवा असे कोणी म्हणत नाही. एक लहान खोली, चार जुने संगणक, एक स्विच, आठवड्यातून दोन संध्याकाळी साडेसातपर्यंत. चावी घेणाऱ्याची वहीत सही. मुलींच्या घरी आधी कळवलेले असावे आणि परतीच्या बसची वेळ फळ्यावर लिहिलेली असावी, म्हणजे चर्चा रंगात आली तरी कोणी अडकत नाही.

दुसरी गोष्ट क्लब एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जाण्याची. क्लब मरतो तो इथे. एमसीए, म्हणजे संगणकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, पूर्वी तीन वर्षांचे होते, 2020-21 पासून दोन वर्षांचे झाले. पहिले वर्ष ओळखीपाळखीत जाते, दुसऱ्या वर्षी अध्यक्ष व्हायचे आणि शेवटच्या सत्रात इंटर्नशिपला निघून जायचे. अभियांत्रिकीला चार वर्षे असली तरी चौथ्यात मुले प्लेसमेंटच्या मागे. क्लबच्या वेबसाइटचा पासवर्ड एका मुलाकडे, तो गेला पुण्याला नोकरीला. डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या नावाचे, वार्षिक पैसे भरायची आठवण त्याच्याच ईमेलवर येत राहिली. आमची वेबसाइट अशीच गेली. नव्या मुलांनी नवी काढली आणि तिलाही तेच झाले. एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाने काढलेला क्लब असेल तर आणखी गंमत. कंपनीने योजनेचे नाव बदलले की इथला फलक बदलतो आणि पुन्हा उद्घाटन.

आमच्या गावात जत्रेला नाटक होते. माझ्या आजोबांच्या वेळेपासून होते आहे. गावातली मुले मुंबईला गेली, आखातात गेली, बोटीवर गेली, तरी नाटक अडले नाही. कारण तालमीच्या वेळी पडदा ओढायला शाळकरी पोरे बसलेली असतात. पुढच्या वर्षी त्यांतला एखादा द्वारपाल होतो, मग प्रॉम्टिंगला बसतो आणि तोवर अर्धे नाटक त्याला तोंडपाठ झालेले असते. कोणी त्याला पदभार सोपवत नाही. क्लबमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण सभागृहात श्रोते म्हणून बसवतो, त्याऐवजी ती तालमीला हवीत. दोन अध्यक्ष ठेवा, एक वरच्या वर्गातला आणि एक खालचा. हिशेबाच्या वहीशेजारी दुसरी एक वही ठेवा. तिच्यात स्विचची जोडणी, कोणत्या संगणकाला काय दुखणे आहे, डोमेनचे पैसे कधी भरायचे, कोणत्या दुकानात केबल स्वस्त मिळते हे लिहिलेले असू दे. खाती क्लबच्या ईमेलवर असू देत, कोणाच्या वैयक्तिक नव्हे.

भाषेबद्दलही थोडे लिहायला हवे. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. वर्गात इंग्रजीतून शंका विचारायला ती कचरतात. क्लबच्या बैठकीत कोणी रिकर्जन, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःलाच पुन्हा बोलावणे, कोकणीतून समजावू लागला की हीच मुले त्याला मध्येच थांबवून उलटतपासणी घेत. पाहुण्यांच्या व्याख्यानानंतर ‘कोणाला काही प्रश्न?’ म्हटल्यावर जी शांतता पसरते, ती क्लबच्या खोलीत मी कधी अनुभवली नाही. बोलायला नेहमी जास्तच माणसे. गोवा विद्यापीठाने 2013 साली कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला. आपल्या भाषांतल्या अशा मजकुरावर काम करायला, शब्द तपासायला, शोधयंत्र बनवायला या मुलांइतकी लायक माणसे दुसरी कोठून आणणार? हॅकेथॉन या सलग प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेच्या 36 तासांत ते होत नाही. बक्षिसाचा धनादेश वाटून झाला की ते काम तिथेच पडते.

आता तातडीचे एक. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नियमित आधार थांबवला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ती बऱ्याच जुन्या संगणकांत नाही. त्यामुळे अनेक लॅबमधले चालते संगणक डेडस्टॉक रजिस्टरात लाल शाईने खोडले जातील आणि भंगारात जातील. त्यांतले बरेचसे लिनक्स घालून आणखी काही वर्षे सहज चालतील. चार जीबी रॅम आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी स्वस्तातली एसएसडी एवढे असले तरी प्रोग्रॅमिंग शिकायला पुरते. निर्लेखनाची, म्हणजे रजिस्टरातून काढून टाकायच्या वस्तूंची, यादी मंजुरीला पाठवण्याआधी विभागप्रमुखांनी क्लबच्या मुलांना ती एकदा दाखवावी. त्यांतले चार संगणक क्लबच्या खोलीसाठी ठेवून घ्यावेत आणि उरलेले दुरुस्त करून गावच्या शाळांना देता येतील का, हे कार्यालयाने नियमात बसवून पाहावे. सहावी ते आठवीच्या मुलांना सरकार कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवते आहे, तिथे एकेका संगणकाला तीन-तीन मुले बसलेली मी पाहिली आहेत.

शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. कोणत्याही महाविद्यालयाच्या क्लबला केबल क्रिंप करायला, म्हणजे तिच्या टोकाला प्लग बसवायला, स्विच बसवायला किंवा जुना संगणक उघडून धूळ काढायला शिकायचे असेल तर मी येईन, मानधन नको. क्रिंपिंगचे पक्कड आणि टेस्टर माझे स्वतःचे आहेत. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
डिचोली